अवकाशातल्या बाजारात भाव कोण ठरवतं?

प्रश्न : आम्ही पौडजवळ राहतो. माझा नातू अकरावीत आहे. सुटीत तो संगणकावर अंतराळयानाचा एक खेळ खेळतो. गोळीबाराचा खेळ असेल असं मला वाटलं होतं, पण बहुतेक वेळ तो एका ग्रहावर माल भरतो, दुसऱ्यावर उतरवतो आणि भाव वहीत लिहून ठेवतो. मधेच चाचे येतात, तेवढ्यापुरती लढाई होते. तो म्हणतो, या खेळात कोट्यवधी तारे आहेत. एवढे तारे कोणी तयार केले आणि ते संगणकात मावतात कसे? मालाचे भाव कोण ठरवतं? इंजिन बंद केलं की यान थांबतं, हे आम्ही शाळेत शिकवलेल्या विज्ञानात बसतं का? पावसाळ्यात आमच्याकडे नेट गेलं की त्याचं यान का बुडतं? आणि हा जुगाराचाच प्रकार नाही ना? – एक निवृत्त शिक्षक, मुळशी तालुका

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे नातवाची वही. भाव टिपून ठेवावे लागतात तो खेळ नुसता नेमबाजीचा नव्हे, हे तुम्ही बरोबर ताडलंत. खेळाचं नाव तुम्ही दिलेलं नाही. पण एक लहानसं यान, जेमतेम भांडवल, वाटेत चाचे आणि पुढे मोकळं आकाश, एवढ्या खुणांवरून घराणं ओळखता येतं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘एलिट’. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी तो लिहिला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये तो ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी बाजारात आला. अवकाशातल्या लढाया त्याआधीही पडद्यावर होत होत्या. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६२ सालीच ‘स्पेसवॉर’ तयार झाला होता. ब्रेबन आणि बेल यांनी लढाईला पोटापाण्याचा उद्योग जोडला. चांगली तोफ हवी तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर माल वाहायला हवा.

बीबीसी मायक्रो हे नाव तुमच्या नोकरीच्या काळात कदाचित कानावर आलं असेल. केंद्र सरकारनं १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाची शालेय संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा देशातल्या सुमारे २५० शाळांत पहिल्यांदा जे संगणक पोचले ते हेच. त्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या शंभरपट जागा सहज घेतो. एवढ्याशा यंत्रात एलिटच्या आठ दीर्घिका होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८. प्रत्येक ग्रहाला स्वतःचं नाव, राज्यपद्धती, लोकसंख्या आणि बाजार. तुमचा ‘मावतात कसे’ हा प्रश्न या जुन्या खेळावर जास्त नीट सोडवता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सर्वसाधारण समजूत अशी, की खेळ बनवणाऱ्यांनी प्रत्येक ग्रहाची माहिती कुठेतरी लिहून ठेवलेली असते आणि आपण तिथे गेलो की संगणक ते पान उघडतो. हिशेब करून पाहू. एका ग्रहाची माहिती अगदी काटकसरीनं २० बाइटांत कोंबली, तरी २,०४८ ग्रहांना ४० किलोबाइट लागतात. यंत्राची सगळी स्मृती ३२ किलोबाइट. त्यातून पडदा रंगवण्याची जागा वजा केली की उरतात २२ च्या आसपास. त्यातच याने, लढाई, बाजार सगळं बसवायचं. म्हणजे ग्रहांची यादी साठवणं शक्यच नव्हतं, आणि त्यांनी ती साठवलीही नाही. त्यांनी साठवले फक्त सहा बाइट.

सहा बाइट म्हणजे तीन आकडे, प्रत्येक शून्य ते ६५,५३५ यांच्या मधला. या तिन्हींची बेरीज करायची. पहिला आकडा टाकून द्यायचा, बाकीचे दोन एकेक घर पुढे सरकवायचे आणि बेरीज तिसऱ्या घरात लिहायची. बेरीज ६५,५३५ च्या वर गेली तर वरचा हातचा सोडून द्यायचा. ही क्रिया चार वेळा केली की पुढच्या ग्रहाचे तीन आकडे तयार होतात. आधीच्या दोन संख्यांची बेरीज करून पुढची संख्या काढायची १, २, ३, ५, ८ ही श्रेणी तुम्ही शिकवली असेल. पाश्चात्त्य पुस्तकांत तिला फिबोनाचीचं नाव आहे, पण छंदशास्त्रातल्या मात्रा मोजताना आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकातच ती मांडली होती. एलिटमध्ये दोनऐवजी तीन आकड्यांची बेरीज आहे, एवढाच फरक.

मग त्या तीन आकड्यांतून ग्रह कसा निघतो? आकड्याचा एक तुकडा ग्रहाची राज्यपद्धती सांगतो, दुसरा त्याची अर्थव्यवस्था, तिसरा नकाशावरची जागा. नावासाठी रोमन लिपीतल्या दोन-दोन अक्षरांच्या तीसएक जोड्या ठरवून ठेवल्या होत्या. आकडा सांगेल ती जोडी उचलायची आणि पुढच्या जोडीला चिकटवायची. खेळाची सुरुवात ज्या ‘लेव्ह’ ग्रहापाशी होते, त्याचं नाव दोन जोड्यांचं आहे. शेजारचा ‘झाओन्स’ तीन जोड्यांचा. ही नावं कोणी बसून सुचवलेली नाहीत, तरीही जगातल्या प्रत्येक संगणकावर लेव्ह तिथेच असतो आणि त्याच नावाचा असतो, कारण बेरीज कुठेही केली तरी उत्तर एकच येतं. इथे नशिबाचा भाग अजिबात नाही.

आठच दीर्घिका का, यालाही कारण आहे. सहा बाइटांपासून सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळ्या सुरुवाती करता येतात, आणि या दोघांना तेवढ्या दीर्घिका द्यायच्याही होत्या. इतका मोठा आकडा पाहिला की खेळाडूला त्यामागचं यंत्र दिसेल आणि सगळं निरर्थक वाटेल, असं प्रकाशकांचं मत पडलं. माझ्या मते प्रकाशकांचं बरोबर होतं. पुढच्या दीर्घिकेत जाताना खेळ प्रत्येक बाइटमधले अंक एका घरानं गोल फिरवतो. बाइटमध्ये घरं आठ, त्यामुळे आठव्या वेळी आपण पुन्हा पहिल्या दीर्घिकेत येतो.

आता तुमच्या नातवाच्या कोट्यवधी ताऱ्यांकडे वळू. याच खेळाचा वारस, ‘एलिट डेंजरस’, डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली आकाशगंगाच जवळपास खऱ्या मापाची उभी केली आहे, सुमारे ४०,००० कोटी ताऱ्यांसह. त्यातले सुमारे दीड लाख तारे खगोलशास्त्रज्ञांच्या सूचीतून घेतलेले, खरोखरीचे. बाकीचे नियमांनी काढलेले. इथे नियम नुसत्या बेरजेचे नाहीत. त्या भागात किती वायू आणि धूळ असेल, त्यातून किती वस्तुमानाचा तारा बनेल, त्याभोवती कोणते ग्रह टिकतील, असा विचार त्यात गुंफला आहे. पण मूळ युक्ती तीच. तारा साठवलेला नसतो, खेळाडू तिथे पोचला की काढला जातो. सगळ्या खेळाडूंनी मिळून यातले एक टक्काही तारे अजून पाहिलेले नाहीत.

तेव्हा ‘कोणी तयार केले’ याचं उत्तर असं, की तारे कोणी केले नाहीत, नियम केले. असे नियम लिहिणारी माणसं आपल्याकडेही आहेत. २०२० साली आलेला ‘राजी’ हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला ‘इंडस’ पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. दोन्हींत व्यापार नाही, पण नातवाला या कामाची गोडी लागली तर ते शिकायला फार लांब जावं लागणार नाही.

आता भाव. मला स्वतःला या खेळांतला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एलिटमध्ये प्रत्येक ग्रहाला शून्य ते सात अशी एक इयत्ता आहे. शून्य म्हणजे श्रीमंत औद्योगिक ग्रह, सात म्हणजे गरीब शेतीप्रधान ग्रह. प्रत्येक मालाचा एक मूळ भाव आहे आणि इयत्तेगणिक तो किती वाढेल किंवा घटेल, हे ठरलेलं आहे. अन्नधान्याचा मूळ भाव टनाला ७.६ क्रेडिट, इयत्तेमागे तो ०.८ नं उतरतो. संगणकांचा मूळ भाव ६१.६, तो इयत्तेमागे ५.६ नं चढतो. लेव्ह पाचव्या इयत्तेत, श्रीमंत शेतीप्रधान. म्हणून तिथे धान्य ३.६ ला आणि संगणक ८९.६ ला. झाओन्स पहिल्या इयत्तेत, मध्यम औद्योगिक. तिथे धान्य ६.८ ला आणि संगणक ६७.२ ला. यावर दर खेपेला संगणक थोडासा चढ-उतार टाकतो, म्हणून नातवाच्या वहीतले आकडे रोज तंतोतंत जुळणार नाहीत. पण दिशा बदलत नाही.

आता खेळाडू सुरुवात करतो तेव्हा त्याच्याकडे १०० क्रेडिट असतात आणि यानात २० टन मालाची जागा. नवशिका काय करतो? संगणकात टनामागे २२ क्रेडिट सुटतात आणि धान्यात जेमतेम तीन, हे पाहून तो संगणकांच्या मागे लागतो. पण १०० क्रेडिटांत संगणक येतो एक टन. नफा २२, आणि १९ टनांची जागा रिकामी. त्याऐवजी लेव्हला ७२ क्रेडिट टाकून २० टन धान्य भरलं आणि झाओन्सला १३६ ला विकलं, तर एका खेपेत ६४ सुटतात. हातात होतात १६४. येताना त्यातून दोन टन संगणक घेता येतात, त्यात आणखी ४५ च्या आसपास. इंधनाचा खर्च वेगळा. जेव्हा जवळ दीड हजार क्रेडिट जमतात, तेव्हा हिशेब उलटतो: आता २० टन संगणक एकदम घेता येतात आणि एका खेपेला साडेचारशेच्या घरात नफा होतो, धान्यानं भरलेलं यान तेवढ्याच जागेत ६४ च मिळवतं. भांडवल तोकडं असताना रुपयामागचा नफा पाहायचा आणि जागा तोकडी असताना टनामागचा, ही गोष्ट मार्केट यार्डातला व्यापारी कोणी न शिकवता जाणतो. तुमचा नातू ती वहीतून शिकतो आहे.

नफा येतो तो दोन ठिकाणांच्या भावातल्या उंचसखलपणातून. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला जातं म्हणून तिथे वीज होते. धरण आणि वीजघर एकाच पातळीवर असतं तर कितीही पाणी असून उपयोग नव्हता. सारख्या इयत्तेच्या दोन ग्रहांमध्ये कितीही खेपा केल्या तरी हाती काही लागत नाही, त्याचं कारण हेच.

एलिटमध्ये एक उणीव होती. तुम्ही शंभर वेळा झाओन्सला धान्य ओतलं तरी तिथला भाव पडत नाही. सूत्राला तुमची आठवणच नसते. खऱ्या बाजारात टोमॅटोची आवक वाढली की भाव कोसळतो. पुढच्या खेळांनी हे सुधारलं. एलिट डेंजरसमध्ये सगळ्या खेळाडूंची खरेदी-विक्री एका मध्यवर्ती संगणकावर नोंदली जाते आणि मागणी पुरी झाली की तिथला भाव उतरतो. आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ चा खेळ त्याही पुढे गेला. तिथे याने, दारूगोळा, सुटे भाग जवळजवळ सगळे खेळाडूच बनवतात, खेळाडूच विकतात, आणि भाव ठरतो तो विकणारा किती मागतो आणि घेणारा किती देतो यावरच. हा बाजार इतका गुंतागुंतीचा झाला, की २००७ मध्ये कंपनीनं त्यावर लक्ष ठेवायला एक अर्थशास्त्रज्ञच नोकरीला ठेवला. तेव्हा ‘भाव कोण ठरवतं’ याचं उत्तर खेळागणिक बदलतं: जुन्यात सूत्र, नव्यात सूत्र आणि गर्दी, ईव्हमध्ये निव्वळ गर्दी.

एलिटच्या मालाच्या यादीत अमली पदार्थ, शस्त्रं आणि गुलामही आहेत. ते वाहिले तर पोलीस मागे लागतात. भावाची सगळ्यात मोठी उलथापालथ अमली पदार्थांत होते, म्हणजे लोभही तिथेच. गुलाम ही मालाची एक ओळ म्हणून पाहताना मला अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं. माणसांचा बाजार जगात शतकानुशतकं खरोखर चालला. नातवाशी या ओळीवर एकदा बोला, असं मी सुचवीन.

चाच्यांबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण व्यापाराच्या खेळात लढाई का घातली, याचं उत्तर तुमच्या घराच्या मागच्या डोंगरांत आहे. जिथे भावात अंतर, तिथे माल चालणार. जिथे माल चालणार, तिथे वाट अडवणारे येणार. आणि मग वाटेचं रक्षण करून त्याचा मोबदला घेणारेही येणार. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर यायचं. त्या वाटांवर घनगड आणि तैलबैला पहारा देत उभे आहेत, दोन्ही तुमच्याच तालुक्यात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासूनची वाट आहे आणि तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात.

समुद्रावरही हेच. सरखेल कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत. परवाना नसलेलं जहाज पकडलं जाई. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. स्वतःच्या किनाऱ्यावर आपला हक्क बजावणारा दर्यासारंग म्हणून आपण त्यांना ओळखतो. पोर्तुगीज तर त्यांच्या आधीपासून असेच परवाने विकत होते, आणि त्यांना कोणी चाचे म्हणत नव्हतं. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून १७२१ मध्ये कुलाब्यावर चाल केली, ती फसली. चाचा कोण आणि रखवालदार कोण, हे सांगणारा कुठे उभा आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं.

एलिटमध्ये हा विचार साध्या रूपात आहे. तिथे आठ राज्यपद्धती आहेत. अराजक असलेल्या ग्रहाजवळ चाच्यांच्या टोळ्या भेटतात, कंपनीचं राज्य असलेल्या ग्रहाजवळ क्वचितच. झाओन्सची वाट सोपी वाटते त्याचं हेही एक कारण, तिथे कंपनीचंच राज्य आहे. ईव्हमध्ये तर आकाशाचे सुरक्षित, कमी सुरक्षित आणि बेवारस असे भागच पाडले आहेत. बेवारस भागात नफा मोठा आणि तिथे कायदा खेळाडूंच्या टोळ्यांचा. आणखी एक बदल मला न्याय्य वाटतो: १९८४ च्या खेळात ‘एलिट’ ही सर्वोच्च पदवी मिळवायला ६,४०० याने पाडावी लागत, व्यापारी कितीही श्रीमंत झाला तरी त्याला मान नव्हता. नव्या खेळात व्यापाऱ्याला आणि शोधकालाही तीच पदवी मिळते.

विज्ञानाच्या प्रश्नाला उत्तर सरळ आहे: तुम्ही शिकवलंत ते बरोबर, खेळ चूक. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे, अडवायला हवा नसलेल्या पोकळीत इंजिन बंद केल्यावर यान त्याच वेगानं जात राहील. चांद्रयान-३ चौदा जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं. त्या ४० दिवसांत इंजिनं थोडा थोडा वेळच चालली, बाकी सगळा प्रवास इंजिन बंद ठेवून झाला. खेळातली याने विमानासारखी वळतात आणि थांबतात, ती जाणूनबुजून. १९९३ मध्ये एलिटचा दुसरा भाग ‘फ्रंटियर’ आला, त्यात न्यूटनचे नियम इमानेइतबारे पाळले होते. परिणाम असा झाला, की दोन याने लढायला समोरासमोर आली की प्रचंड वेगानं एकमेकांच्या बाजूनं निघून जात आणि पुन्हा वळून येईपर्यंत खेळाडू हैराण होई. म्हणून नव्या खेळात मधला मार्ग काढला. एलिट डेंजरसमध्ये ‘फ्लाइट असिस्ट’ नावाची सोय आहे; यानाचा संगणक आपण होऊन उलटा जोर लावून यान थांबवतो. ती बंद करता येते. बंद केली की यान घसरत जातं, तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे. कमाल वेगाची मर्यादा मात्र तेव्हाही उठत नाही, आणि ती मर्यादा निसर्गात नाही. नातवाला एकदा ती सोय बंद करून यान तळावर उतरवायला सांगा. न्यूटनच्या पहिल्या नियमाचा यापेक्षा जिवंत प्रयोग वर्गात करणं अवघड आहे.

स्फोटांचा आवाज पोकळीत ऐकू येत नाही, हेही खरंच. खेळाच्या कथेत असं मानलं आहे, की वैमानिकाला अंदाज यावा म्हणून यानाचा संगणक ते आवाज काढतो. आणि ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत क्षणात उडी मारण्याचं इंजिन शुद्ध कल्पना आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं चाललेल्या व्हॉयेजर-१ सारख्या यानाला सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. एवढा वेळ कोणताही खेळाडू थांबणार नाही.

आता नेटचं. अनेकांच्या एकत्र खेळात तुमच्या पडद्यावरचं यान हे नुसतं चित्र असतं. खरी नोंद दूरच्या सर्व्हरवर असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर लंडनच्या बाजूला असेल, तर सरळ रेषेतही सात हजार किलोमीटरच्या वर अंतर होतं, म्हणजे संदेश जाऊन परत यायला निदान ७० सहस्रांश सेकंद. समुद्रातल्या केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. व्यापारात याचा काही फरक पडत नाही, लढाईत पडतो. आणि ताम्हिणीच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस लागून जोडणी तुटली, तर चाच्याला ते कळत नाही. काही खेळांत, उदाहरणार्थ ईव्हमध्ये, लढाई चालू असताना जोडणी गेली तरी यान काही काळ तिथेच राहतं, नाहीतर हरणारा प्रत्येक जण तार उपटून पळाला असता. नियम रास्त आहे; त्याचा भुर्दंड पावसाळी गावातल्या मुलांना बसतो, हेही खरं. उपाय एकच: आभाळ भरून आलं की बेवारस भागात माल घेऊन जायचं नाही.

राहिला जुगाराचा प्रश्न. खरे पैसे लावून खरे पैसे जिंकायच्या आशेनं खेळले जातात त्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली. त्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्य की नशीब हा वाद तिथे लागू होत नाही, पैसे लावले की बंदी. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे करमणुकीचे खेळ कायद्यानं वेगळे ठेवले आहेत. तुमच्या नातवाचे क्रेडिट खेळाबाहेर रुपयांत मिळत नसतील, तर तो जुगार खेळत नाही.

तरी एक सावधगिरी हवी. ईव्हसारख्या काही खेळांत खरे पैसे देऊन खेळातली वस्तू घेता येते आणि ती खेळातल्या चलनात विकता येते. म्हणूनच तिथल्या याने पडल्यावर वर्तमानपत्रांत डॉलरचे आकडे येतात. जानेवारी २०१४ मध्ये ईव्हमध्ये एक लढाई सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले आणि तीन लाख डॉलर बुडाल्याच्या बातम्या आल्या. कोणाच्याही बँक खात्यातून त्या दिवशी तीन लाख डॉलर गेले नव्हते. बुडालेल्या यानांची ती अंदाजे किंमत होती. लढाई पेटली कशावरून, तर त्या प्रदेशाचा ताबा राखण्यासाठी भरायची नेहमीची रक्कम एका गटाकडून वेळेवर भरली गेली नाही आणि प्रदेश बेवारस झाला. तुमच्या घरात मात्र एवढं पाहा, की खेळाला बँकेचं कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं नाही आणि रात्रीची झोप व अभ्यास यांना धक्का लागत नाही. एवढं सांभाळलं तर वही लिहिणाऱ्या मुलाला अडवू नका.

तुम्हाला स्वतःला हा प्रकार हाताळून पाहायचा असेल, तर ‘ऊलाइट’ नावाचा खेळ उतरवून घ्या. एलिटवरून स्फूर्ती घेऊन हौशी मंडळींनी तो बनवला आहे, तो फुकट आहे, साध्या संगणकावर चालतो आणि एकदा उतरवला की त्याला नेट लागत नाही. सुरुवात तिथेही लेव्हलाच, १०० क्रेडिटांनी होते. पहिले काही दिवस फक्त फिरत्या तळाच्या अरुंद दारातून यान आत नेण्याचा सराव करा. बहुतेक नव्या खेळाडूंची याने चाच्यांच्या हातून नव्हे, त्या दारावर आपटून फुटतात.